घरफोडी म्हणायला चोरी व्हावीच लागते का?

प्रश्न, डिचोली : मावशीचं जुनं कौलारू घर आहे, ती मुलाकडे वास्कोला असते त्यामुळे घर बंद, चतुर्थीलाच काय ते उघडतं. गेल्या महिन्यात कोणीतरी न्हाणीवरची चार कौलं काढून आत उतरलं. कपाट उचकटलेलं, कागद सगळीकडे पसरलेले, पण गेलं काहीच नाही, तांब्याचं भाणंसुद्धा जागेवर. तक्रार मी लिहितेय आणि मावशी अडून बसलीय की चोरी झालीच नाही तर घरफोडी कसली, खोटं लिहू नको. मग काय लिहू, घुसखोरी? अतिक्रमण?

उत्तर, म्हापसा : अतिक्रमण नको गं बाय. ट्रेसपासला, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरण्याला, पुस्तकी शब्द तोच वापरतात हे खरं, पण आपल्याकडे गोव्यात अतिक्रमण म्हटलं की माणसाला कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जागेतलं बेकायदा बांधकामच आठवतं. घुसखोरी म्हटलं तर सीमेवरची. 'बेकायदा घरात शिरले' असं सरळ लिही ना.

उत्तर, फोंडा : घरफोडीच लिही, मी वकिली करतो म्हणून खात्रीने सांगतो. आपण बोलताना घरफोडी म्हणजे चोरी असं धरून चालतो पण कायद्यात तसं नाही, तिथे घर 'फोडलं' कसं ते बघतात. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या किंवा धमकावायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्याने शिरलं की तो फौजदारी ट्रेसपास. ती जागा राहतं घर, देऊळ किंवा माल ठेवायचं गोदाम असेल तर गृहअतिक्रमण, राहायची होडीसुद्धा त्यात येते, आणि शरीराचा कुठलाही भाग आत गेला तरी पुरे. आणि हेच जर भिंतीला भोक पाडून, कौलं काढून, कुलूप उघडून केलं तर घरफोडी. १८६० च्या दंडसंहितेतली उदाहरणं वाच, भोकातून तार घालून कडी उचलली तरी घरफोडी आणि मालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिने दार उघडलं तरी घरफोडीच, म्हणजे तोडफोड पण लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमं आता ३२९ ते ३३१, अर्थ तोच. चोरीचा इरादा असला तर शिक्षा चढते, साध्या गृहअतिक्रमणाला १ वर्षापर्यंत, चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत, आणि रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. चोरी खरोखर झाली तर तिचं कलम वेगळं लागतं. बर्गलरी हा शब्द त्या जुन्या दंडसंहितेत नव्हताच, तो इंग्लंडचा, आणि तिकडच्या १९६८ च्या कायद्यात चोरीच्या इराद्याने नुसतं बेकायदा आत शिरलं तरी बर्गलरी होते, फोडावं लागत नाही. म्हणून बर्गलरीला घरफोडी हा प्रतिशब्द डोळे मिटून वापरू नये असं माझं ठाम मत.

प्रश्न, पेडणे : भाई, मग भाटातून, म्हणजे कोणाच्या बागायतीतून, शॉर्टकट मारला तर? 'आत शिरल्यास कारवाई' असे बोर्ड असतात सगळीकडे.

उत्तर, फोंडा : नुसतं चालत गेलास तर फौजदारी नाही, वाईट इरादा लागतो. भाटकार, म्हणजे जमीनमालक, दिवाणी कोर्टात जाऊ शकतो तो भाग वेगळा. पण कायदा मालकी नाही, ताबा बघतो हे लक्षात ठेव. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या घरात धमकवायला भाटकार शिरला तर जमीन त्याची असूनही गुन्हा त्याचाच. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर सोडायला लावण्यापासून संरक्षण मिळालं तरी आपल्या लोकांना ही गोष्ट अजून कोणी नीट सांगत नाही, वाईट वाटतं.

डिचोली : भाई, खूप आभार. मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली घरफोडी लिही मग, पण कौलं चार होती ते पण लिही, आणि कुठली ते पण. 'न्हाणीवरची चार कौलं काढून घरफोडी, चोरीस काही गेलेले नाही' असं लिहिलंय.