व्हीएमला (लॅपटॉपमधल्या आभासी संगणकाला) वायफायवरून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळेना, मदत हवी आहे

मंडळी, विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स टाकलंय. नॅटवर (व्हीएम लॅपटॉपच्या पत्त्याआडून नेट वापरतो) ठेवलं की १०.०.२.१५ मिळतो, नेट मस्त चालतं. पण आतला वेबसर्व्हर मोबाईलवर उघडायचाय, म्हणून ब्रिज्ड (व्हीएम थेट घरच्या नेटवर्कवर येऊन स्वतःचा आयपी घेतो) केलं, तर आयपीच येत नाही. इंटरफेस 'अप' दिसतो, आयपीची ओळ मात्र गायब! लॅनची वायर लावून त्या कार्डावर ब्रिज दिला की लगेच १९२.१६८ वाला पत्ता हजर. म्हणजे उबुंटूत खोट नाही. एका वायफाय कार्डामागे दुसरा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) राउटर चालवून घेत नसावा, असा संशय आहे. नॅटवरच राहून पोर्ट फॉरवर्डिंग (लॅपटॉपच्या ठरावीक पोर्टवर आलेलं व्हीएमकडे वळवणं) माहितीय, पण दर पोर्टला नवा नियम कोण लिहीत बसणार? वायफायवरच ब्रिज कुणी चालवलाय का? हॉलमधून वायर ओढली की घरचे ओरडतात.