आईच्या स्मार्टफोनवरून मेसेजचे जास्तीचे पैसे कापले जातायत – मदत हवी आहे

ओवी

नमस्कार मंडळी,

आई नुकतीच साध्या फोनवरून स्मार्टफोनवर आली आहे. घरातला जुना आयफोन आणि त्यात तिचं नेहमीचं सिम. तिच्या बहिणींपैकी काही जणींकडे अजून साधाच फोन आहे, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं एसएमएसवर चालतं. आधी ती रोमन अक्षरांत मराठी लिहायची. आता मराठी कीबोर्ड मिळाल्यावर देवनागरीत लिहिते, अगदी पूर्ण वाक्यं, विरामचिन्हांसकट. तिला त्याचा फार आनंद आहे.

पण फोन बदलल्यापासून बॅलन्स भराभर संपतोय. तिच्या प्लॅनमध्ये प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे लागतात. कंपनीकडून वापराचा तपशील मागवला, तर त्यात मला न कळणाऱ्या तीन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे एकाच नंबरवर, एकाच मिनिटाला तीन-तीन एसएमएस गेल्याच्या नोंदी आहेत. फोनमध्ये मात्र तिथे एकच मेसेज दिसतो. दुसरं, परदेशातल्या एका नंबरवर एसएमएस गेलाय. आमचं तिकडे कोणीही नाही आणि फोनमध्ये तो मेसेज कुठेच सापडत नाही. तिसरं, काही ठिकाणी एमएमएसचे पैसे लावलेत. आईने एकही फोटो पाठवलेला नाही.

कस्टमर केअरचं उत्तर एवढंच, की 'मेसेज तुमच्याच फोनवरून गेलेत'. आई आता हात आखडून लिहायला लागली आहे, एखाद्या मावशीला उत्तर द्यायचंही टाळते. तिचं लिहिणं कमी व्हायला नको, म्हणून विचारतेय. हे नक्की कशामुळे होतं आणि काय बंद करायचं?

रानवारा

वायफायवर असताना मेसेज पाठवायला सांगा, म्हणजे पैसे लागणार नाहीत.

धूमकेतू

रानवारा, एसएमएसला ते लागू पडत नाही. वायफाय असलं तरी एसएमएस हा एसएमएस म्हणूनच मोजला जातो. फुकट जातात ते इंटरनेटवरून जाणारे मेसेज.

ओवी, तुमच्या पहिल्या कोड्याचं उत्तर देवनागरीत आहे. जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढाच मजकूर मावतो. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७० बसतात. ७१वं चिन्ह आलं की मेसेजचे दोन तुकडे होतात. तुकडे परत जोडण्यासाठीची माहितीही त्याच जागेत भरावी लागते, त्यामुळे मग प्रत्येक तुकड्यात ६७च चिन्हं मावतात. समोरचा फोन ते तुकडे जोडून एकच मेसेज दाखवतो. पैसे मात्र सहसा तुकड्यांप्रमाणे लागतात.

शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते फोनच्या हिशोबात एक नसतं. 'डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या' हे वाक्य घ्या. आपल्या लेखी अक्षरं बारा. फोन मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त आणि मधल्या जागा हे सगळं सुटं मोजतो. हिशोब होतो ३०. 'ळ्या' एकटाच चार जागा खातो. म्हणजे अशी दोन वाक्यं झाली की पहिला एसएमएस जवळजवळ भरला. आईंचा पाच-सहा वाक्यांचा मेसेज तीन एसएमएस म्हणून जाणारच.

रोमन लिहिणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, मजकुरात एक जरी इमोजी टाकला तरी अख्खा मेसेज १६०वरून ७०च्या मर्यादेत येतो.

कवडसा

परदेशी नंबरचं मी सांगते. तो बहुतेक आयमेसेज (आयफोनची इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सोय) किंवा फेसटाइम (आयफोनचे व्हिडिओ कॉल) सुरू होतानाचा एसएमएस आहे. आयफोनमध्ये सिम घातलं की नंबर पडताळून घेण्यासाठी फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो. तो अनेकदा परदेशातल्या नंबरवर जातो आणि मेसेज ॲपमध्ये दिसत नाही. कंपनी त्याचे पैसे लावू शकते. नोंदीची तारीख आणि सिम घातल्याची तारीख ताडून बघा.

रानवारा

मग आयमेसेज बंदच करून टाकायचं ना?

कवडसा

तसं करू नका! ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांना आत्ता आईंचे मेसेज इंटरनेटवरून, निळ्या फुग्यात जातात. आयमेसेज बंद केलं तर तेही एसएमएस होऊन हिरव्या फुग्यात जातील आणि खर्च वाढेल. पुन्हा चालू केलं की पडताळणीचा एसएमएस परत जाण्याची शक्यता आहेच. आहे तसं चालू राहू द्या, उगाच चालू-बंद करू नका.

बंद करायचं असेल तर मेसेजच्या सेटिंगमधलं 'सेंड ॲज टेक्स्ट मेसेज' बंद करा. ते चालू असलं की इंटरनेट नसताना निळा मेसेज गुपचूप एसएमएस होऊन जातो. नव्या आयओएसमध्ये हे सेटिंग 'ॲप्स'च्या आत 'मेसेजेस'मध्ये आहे. मात्र मग इंटरनेट नसेल तर मेसेज अडकून राहील, हे आईंना सांगून ठेवा. तातडीचं काही असेल तर सरळ फोन करायचा.

अर्धविराम

एमएमएसबद्दल: आई सगळ्या बहिणींना एकत्र मेसेज पाठवतात का? फोटो नसला तरी गटाला पाठवलेला मेसेज एमएमएस होतो. विषयाची ओळ भरली तरी होतो. आयफोनमध्ये मेसेजच्याच सेटिंगमध्ये 'एमएमएस मेसेजिंग' बंद करता येतं. पण मग तोच मजकूर प्रत्येकीला वेगळा एसएमएस म्हणून जातो. आठ जणींना तीन तुकड्यांचा मेसेज म्हणजे चोवीस एसएमएस. त्यामुळे गटाला कळवायचं ते अगदी थोडक्यात लिहायचं, नाहीतर ज्यांच्याकडे इंटरनेट आहे त्यांचा गट दुसऱ्या ॲपवर करायचा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो.

अँड्रॉइडवाल्यांसाठीही लिहितो, कारण आमच्याकडे सासरेबुवांच्या फोनवर वेगळाच प्रकार निघाला. टॉर्चच्या एका ॲपला एसएमएस पाठवायची परवानगी होती आणि ते जादा दराच्या छोट्या नंबरांवर मेसेज पाठवत होतं. ॲप्सच्या सेटिंगमध्ये 'स्पेशल ॲप ॲक्सेस'च्या आत 'प्रीमियम एसएमएस ॲक्सेस' आहे. तिथे यादीत कुठलं ॲप दिसलं तर 'नेव्हर अलाउ' करा. २०१२च्या अँड्रॉइड ४.२पासून अशा नंबरवर मेसेज जाण्याआधी फोन विचारतो, पण घाईत आपण 'हो' म्हणून बसतो. टॉर्च, कॅल्क्युलेटर, वॉलपेपर यांना एसएमएसची परवानगी कशाला लागते? देऊच नका. कंपनीला सांगून जादा दराचे नंबर सिमवरच बंद करता येतात का, तेही विचारा. तसं झालं तर फोन कुठलाही असला तरी काळजी नाही.

धूमकेतू

अर्धविराम +१. एक भर घालतो. गूगल मेसेजेसमध्ये आरसीएस (एसएमएसऐवजी इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सोय) चालू असेल तर 'मेसेज गेला नाही तर एसएमएस म्हणून पुन्हा पाठवा' असा पर्याय असतो, तो बघून घ्या. तसंच एसएमएस पोचल्याची पावती मागणारं सेटिंग बंद ठेवा, काही कंपन्या त्याचेही पैसे घेतात.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. तपशील आणि फोन शेजारी ठेवून बघितलं. परदेशी नंबरची नोंद सिम घातलं त्याच दिवसाची आहे. एमएमएस सगळे मावश्यांच्या गटाला गेलेले. कवडसा, ते सेटिंग बंद केलं.

एक अडचण उरली. साधा फोन वापरणाऱ्या दोन मावश्यांना एसएमएसच करावा लागणार आणि आईला परत रोमनकडे वळवायचं माझ्या जिवावर येतं. लिहिताना किती चिन्हं झाली हे दिसतं का?

धूमकेतू

हो. आयफोनच्या मेसेज सेटिंगमध्ये 'कॅरॅक्टर काउंट' चालू करा, म्हणजे मजकूर दुसऱ्या ओळीवर गेला की आकडा दिसायला लागेल. ७०च्या आत एक एसएमएस, १३४पर्यंत दोन, २०१पर्यंत तीन. रोमनकडे मुळीच वळवू नका. त्यापेक्षा रोज ठरावीक एसएमएस मिळणारा प्लॅन कंपनीकडे आहे का बघा. त्या दोन मावश्यांसाठी तो पुरेल. फक्त घेण्याआधी एवढं विचारून घ्या, की लांब मेसेज ते एक धरतात की तुकडे मोजतात.