शब्दचर्चा : ‘मोड’, ‘जुन्या घडणीचा’ की ‘अँटिक’? जुन्या दागिन्याला मराठीत म्हणायचं काय?

डोंबिवलीकर

भाचीच्या लग्नात द्यायला ठुशी शोधते आहे. नवी नको, खरोखर कुणीतरी वापरलेली, जुनी हवी. मागच्या महिन्यात दोन शनिवार झवेरी बाजारात घालवले आणि दागिन्यापेक्षा शब्दांनीच जास्त अडवलं, म्हणून इथे विचारते.

मुंबादेवीच्या देवळापासून आत शिरलं की मोठ्या पेढ्यांमध्ये ‘जुनं काही आहे का’ असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, “अँटिकमध्ये दाखवतो.” मग येतात ते काळपट, मंद सोनेरी झाक दिलेले, देवीदेवतांच्या नक्षीचे भरघोस हार. छान असतात, पण गेल्याच महिन्यात घडवलेले. एका ठिकाणी मी विचारलं, “हे अँटिक म्हणजे किती जुनं?” विक्रेता मुलगा गोंधळला. म्हणाला, “मॅडम, अँटिक म्हणजे फिनिश.” त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या धंद्यात त्या शब्दाचा तोच अर्थ आहे.

शेवटी एका बोळातल्या छोट्या दुकानात वयस्कर शेठनी खणातून पुरचुंडी काढली. आत ठुशी. लाल रेशमाचा गोफ विटून विटकरी झालेला, एका बाजूचा गोंडा गेलेला. मण्यांच्या मधल्या ओळीत दोन मणी चेपलेले आणि त्यातल्या एकाला बारीक चीर. चिरेतून आतली तपकिरी लाख दिसत होती. मी हातात घेतली तेव्हा ते म्हणाले, “ही मोडीत आली आहे. उद्या आटवायला जाणार होती. तुम्हाला मोड म्हणून लावू की माल म्हणून?”

ह्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. ‘मोड’ म्हणजे नक्की काय? आणि जी वस्तू मोड नाही, नवा मालही नाही, अँटिक फिनिशही नाही, तिला आपल्याकडे शब्द आहे का?

गुजरीतला

ताई, माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, चाळीस वर्षं सोनारकाम करत होते. मी स्वतः धंद्यात नाही, पण हे शब्द ऐकतच वाढलो.

मोड म्हणजे मोडायला आलेला दागिना. धातू तोच राहतो, आकार जातो. ‘मोड घातली’ म्हणजे जुना डाग देऊन त्याच्या वजनाचं सोनं नव्या दागिन्यात धरलं. तुम्ही नोट मोडता तेव्हा हातात येतात त्या सुट्या पैशांनाही आपण ‘मोड’च म्हणतो ना, ‘शंभराची मोड आहे का?’ तिथेही तेच. किंमत शाबूत, रूप गेलं. दागिन्याच्या बाबतीत मात्र किंमतही पूर्ण शाबूत राहत नाही. लाख वजा होते, डाखाचं, म्हणजे सांधे जोडायला वापरलेलं, हिणकस वजा होतं, आटवताना घट येते, आणि पहिल्या सोनाराला दिलेली घडणावळ तर हिशेबातच नसते.

म्हणून ‘जुनं ते सोनं’ ही म्हण सराफकट्ट्यावर शब्दशः खरी आहे. जुना दागिना म्हणजे नुसतं सोनं. ज्या कारागिराने तो घडवला त्याचे श्रम शून्य धरलेले.

शेठनी तुम्हाला विचारलं त्याचा अर्थ सरळ आहे. मोड म्हणून लावली तर लाख वजा करून निव्वळ सोन्याचा भाव. माल म्हणून लावली तर वर घडणीचे काहीतरी पैसे. त्यांनी विचारलं हेच मोठं. बहुतेक ठिकाणी न विचारता वजनकाट्यावर टाकतात.

सदाशिवपेठी

‘डाग’ शब्द आला म्हणून थोडं अवांतर. मुंबईपुण्याच्या नव्या पिढीला डाग म्हणजे कपड्यावरचाच माहीत आहे. पण ‘अंगावर चार डाग घातले’ म्हणजे चार दागिने, आणि एसटीत सामान चढवताना ‘किती डाग आहेत?’ म्हणजे किती नग. मोल्सवर्थच्या कोशात दागिन्याचं ‘डागिना’ हे रूपही सापडतं. माझी आजी डागिनाच म्हणायची. मुळात एकेक मोजायची वस्तू, आणि घरात मोजून ठेवण्यासारखं तेच असायचं, असा अर्थ मला लागतो.

आता मूळ प्रश्न. ‘अँटिक’ला सरकारी मराठीत ‘पुरावस्तू’, ‘पुरावशेष’ असे शब्द आहेत, पण ते संग्रहालयात शोभतात. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. म्हणजे हा शब्द लावायचा तर वयाचा पुरावा हवा. ठुशीवर साल कोण कोरतं?

‘व्हिंटेज’ तर मुळात द्राक्षाच्या हंगामाचा शब्द, अमुक सालची दारू ह्या अर्थाचा. तिथून मोटारींना लागला, मग कपड्यांना, आता दागिन्यांना. शंभरच्या आतलं पण बऱ्यापैकी जुनं ते व्हिंटेज, असा जगभरचा व्यापारी संकेत आहे.

मला विचाराल तर ‘जुन्या घडणीचा’ हा आपला शब्द पुरेसा आहे. माझ्या आईच्या तोंडी तोच होता.

ठाण्याहून

सदाशिवपेठी, इथे मला अडचण दिसते. ‘जुन्या घडणीचा’ हे दुकानदार नव्या दागिन्यालाही लावतात. ‘जुन्या घडणीच्या पाटल्या’ म्हणून दाखवतात त्या कालच्या असतात, नमुना जुना असतो इतकंच. मग अँटिकचा जो गोंधळ तोच इथेही झाला.

गुजरीतला

बरोबर पकडलंत. पण ह्यासाठी वडिलांच्या तोंडी दोन वेगळे शब्द होते: घडण आणि घाट.

घाट म्हणजे आकार, बाहेरचं रूप. तांब्याचा घाट, नथीचा घाट. घडण म्हणजे प्रत्यक्ष घडवण्याचं काम, हात. जुन्या घाटाची ठुशी आज कोणीही करून देईल. जुन्या घडणीची ठुशी आज कोणी करू शकत नाही, कारण ज्या हाताने घडवली तो हात आता नाही. गिऱ्हाईक ‘जुन्या घाटाचं करून द्या’ म्हणून आलं की वडील कागदावर काढून दाखवायचे. कोणी पुरचुंडी सोडली की भिंगातून बघून म्हणायचे, ‘जुनी घडण आहे हो, मोडू नका.’

आता दुकानदार दोन्ही एकच करतात हे खरं. पण भाषेत फरक आहे आणि तो वापरात राहायला हवा. ‘जुन्या घाटाचं की जुन्या घडणीचं?’ एवढा एक प्रश्न दुकानात विचारून बघा. ज्याला धंदा कळतो तो लगेच सरळ बोलायला लागतो.

डोंबिवलीकर

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. घडण ओळखायची कशी तेही सांगा ना. आणि तिच्यावर हॉलमार्क नाही. मैत्रीण म्हणते, हॉलमार्क नसेल तर हात लावू नकोस.

गुजरीतला

जुनी ठुशी उलटी करून बघा. साच्यातले मणी एकसारखे गुळगुळीत असतात. हाताने केलेल्या मण्यांना बारकी असमानता असते आणि दोन अर्धवाट्या जोडल्याची डाखाची रेघ नखाला लागते. गळ्यावर घासून घासून मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त झिजलेली असते. नकली जुनेपणात सगळीकडे सारखाच काळेपणा दिसतो. खऱ्या जुन्यात खाचेत मळ आणि उंचवट्यावर चकाकी असते. पाटल्या असतील तर मळसूत्राची फिरकी बघायची, आटे हाताने पाडलेले कळतात.

शिक्क्याबद्दल: सोन्यावर हॉलमार्क आपल्याकडे २००० साली सुरू झाला, सक्तीचा झाला जून २०२१ मध्ये, टप्प्याटप्प्याने. आजीच्या ठुशीवर तो कुठून असणार? दुकानदाराला मात्र १ एप्रिल २०२३ पासून, काही सवलती सोडल्या तर, सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडून रीतसर तपासून, शिक्का मारूनच घ्या. आणि हेही लक्षात ठेवा की नवा शिक्का दिसला म्हणजे दागिनाही नवा असं होत नाही.

कसाचं आणखी एक. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं तेव्हा नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी होती. ती १९६६ पर्यंत टिकली. त्या काळात सोनारांच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली होती. माझ्या आजोबांनी दीड वर्ष दुसऱ्याच्या शेतावर काम केलं. त्यामुळे जुनं म्हणजे बावनकशीच असं धरून चालू नका. त्या तीन-चार वर्षांतला डाग असेल तर कस कमी निघू शकतो. टंच काढून घ्या, म्हणजे सोनं किती शुद्ध ते तपासून घ्या.

नागपूरची

पुतळीमाळ कोणी काढली नाही म्हणून मी काढते. आमच्या घरी पणजीची आहे. पुतळी हे आधी नाण्याचं नाव. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट व्यापारातून इकडे यायचे, त्यावर एक उभी आणि एक गुडघे टेकलेली आकृती असायची. त्या आकृत्यांवरून पुतळी. मग त्याच धर्तीच्या पुतळ्या इथे घडू लागल्या. परदेशातला एक संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दोघे आमच्या पणजीच्या गळ्यात लक्ष्मीपूजनाला. अशी माळ मोडीत घालणारे लोक आहेत हे वाचून जीव कळवळतो.

ठाण्याहून

कळवळतो हे खरं, पण मोडणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. माझ्या आईने तिचे हातातले गोट माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मोडले. तिच्या पिढीत दागिना मोडण्यासाठीच असायचा. ‘अडीअडचणीला’ हा शब्द दागिन्याला चिकटलेलाच होता. मला तर वाटतं, मराठीत ‘अँटिक’ला शब्द नाही तो ह्याचमुळे. दागिना दोन पिढ्यांत एकदा मोडून नवा होणार हे धरलेलंच असायचं. शंभर वर्षं तसाच राहिला तर त्याचं कौतुक करणारा शब्द कोण घडवणार?

सदाशिवपेठी

पटलं. फक्त एक भर घालते. मोडायचा नाही अशा दागिन्यालाही आपल्याकडे शब्द आहे: ठेवणीतला. ठेवणीतला दागिना म्हणजे रोज न वापरायचा, सणाला काढायचा, सुनेला द्यायचा. त्यात वय नाही, कस नाही, किंमत नाही. राखून ठेवायचं ठरवलेलं आहे, एवढंच त्यात आहे. दुकानात मात्र हा शब्द चालणार नाही, कारण ठेवणीतलं विकतच नाहीत. विकायला आलं तेव्हाच ते ठेवणीतलं राहिलं नाही.

नागपूरची

हे वाचून थोडा वेळ थांबले. खरं आहे.

भुलेश्वरचा

मी इथेच वाढलो, म्हणून बाजाराच्या नावाबद्दल. झवेरी हे गुजराती रूप, आपलं मराठी जव्हेरी किंवा जवाहिऱ्या. मुळात अरबी जौहर, त्याचं अनेकवचन जवाहिर. म्हणजे रत्नं. सराफ मात्र नाणी पारखणारा आणि बदलणारा, तोही अरबीतून आलेला. एक रत्नांचा, एक नाण्यांचा. आज दोघेही सोनंच विकतात.

जुन्या वस्तूंसाठी चोर बाजाराचा मटण स्ट्रीट सुचवणारे भेटतील. पितळ, घड्याळं, ग्रामोफोन, काचेची झुंबरं ह्यांना ठीक. सोन्यासाठी तिथे जाऊ नका, चांदीच्या वाळ्यातोड्यांसाठी गेलात तर डोळे उघडे ठेवून. ‘जुनी चांदी’ म्हणून दिली जाते ती पुष्कळदा जर्मन सिल्व्हर असते आणि त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त, निकेल.

ताई, ठुशीचं काय झालं? चेपलेले मणी नीट करता येतात. पण गोफ बदलायला सोनाराकडे देऊ नका, पटवेकऱ्याकडे न्या. ओवणं-गाठवणं हे त्याचं काम. आता थोडेच उरलेत.

डोंबिवलीकर

सगळ्यांचे आभार. हे वाचून लगेच परत गेले होते. शेठनी ठुशी बाजूला काढून ठेवली होती, आटवली नव्हती. मी म्हटलं, “मोडही नको आणि मालही नको, जुनी घडण म्हणून लावा.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे कोण सोनार?” मी म्हटलं, “कोणी नाही, कोल्हापूरच्या एका काकांनी शिकवलं.”

टंच काढला, बावीस कॅरेटला किंचित कमी भरलं. लाख अंदाजाने न धरता त्यांनी चीर पडलेला मणी उघडून माझ्यासमोर तोलला आणि त्यावरून हिशेब केला. घडणीचे पैसे वेगळे लावले, मी घासाघीस केली नाही. शिक्का मारून आठवड्याने मिळाली. पावतीवर त्यांनी हाताने लिहिलं आहे, ‘ठुशी जुनी घडण, नग १’.

भुलेश्वरचे दादा, पटवेकरी सापडले, तुमच्याच भागात, जिन्याखालच्या खोलीत. त्यांनी विचारलं, “जुना गोफ टाकू?” नको म्हटलं. त्यांनी तो कागदात गुंडाळून दिला, आणि आता नव्या गोंड्याला लाल घ्यायचा की डाळिंबी ह्यावर भाचीचं आणि माझं फोनवर चाललं आहे.