256 सामने म्हणजे नुसती हजेरी?

ओहायोकर

काल एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या लंडन फ्लेचरच्या धाग्यावर 'आकडेवाला' यांनी लिहिलेलं वाचलं आणि रात्री झोप लागेना. तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा. त्यांचं म्हणणं असं: "16 हंगाम, 256 सामने, एकही चुकवला नाही, छान. पण ही हजेरी झाली. हजेरीपटावर हॉल ऑफ फेम (खेळातल्या थोरांचं सन्मानगृह) मिळत नसतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, न निवडलेली पोरं टिकतात ती स्वस्तात पडतात म्हणून."

मी फ्लेचरच्या जॉन कॅरल युनिव्हर्सिटीपासून गाडीने सात-आठ मिनिटांवर राहतो. मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला त्याच रस्त्याने जातो. मैदान असं की रस्त्यावरून सबंध दिसतं. डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती नाही, टीव्ही नाही, स्काउट फिरकले तर फिरकले. फ्लेचर आधी पेनसिल्व्हेनियात सेंट फ्रान्सिसला बास्केटबॉलच्या जोरावर गेला होता. तिथून परत क्लीव्हलंडला आला आणि इथे फुटबॉल खेळला. त्याच्या लहानपणीच थोरल्या बहिणीचा खून झालेला, आई त्या धक्क्याने खचलेली. उंची 5 फूट 10 इंच. 1998 च्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्या संपल्या, फोन आला नाही. रॅम्स संघाने ड्राफ्टनंतर घेतला.

आता ड्राफ्ट न झालेल्याची उन्हाळ्यातली अवस्था बघा. दुसऱ्या फेरीत घेतलेला पोरगा चुकला तर संघ त्याला शिकवत बसतो, कारण त्याला सोडलं तर मॅनेजरची निवड चुकली असं होतं. याला सोडलं तर कुणाचंच काही चुकत नाही. एक हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ओढली गेली, दोन आठवडे बाहेर बसला, की लॉकर रिकामा. अशा माणसाचं रोज उभं राहणं हीच त्याची गुणवत्ता असते.

1999 त तो मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा, झाला आणि 30 जानेवारी 2000 ला अटलांटात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. समोरच्या टेनेसीला एक यार्ड कमी पडलं तो रॅम्सच्या माइक जोन्सचा टॅकल (धरून पाडणं) सगळ्यांना आठवतो, पण त्या बचावाच्या मधोमध हा उभा होता. पुढे 2002 ला बफेलो, 2007 ला वॉशिंग्टन. स्वस्त माणूस पहिल्या करारापुरता स्वस्त असतो. तिसऱ्या संघाने 32 व्या वर्षी घेतला, तो काय स्वस्त म्हणून?

आकडेवाला

माझं वाक्य अर्धं उचललंत. मी म्हटलं होतं, हॉलसाठी हजेरी पुरेशी नाही. त्यावर ठाम आहे.

प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सामना) चार, तेही 12 व्या हंगामापासून, आणि पहिला तर जोनाथन विल्मा सुपर बोलला गेला म्हणून त्याच्या जागी. पहिल्या संघाचा ऑल-प्रो, म्हणजे हंगामातला आपल्या जागेवरचा सर्वोत्तम, एकदाही नाही. टॅकलचे आकडे कुणी तोंडावर फेकणार असेल तर आधीच सांगतो, टॅकल ही लीगची अधिकृत आकडेवारी नाही, प्रत्येक मैदानावरची माणसं आपापल्या नजरेने मोजतात. सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं) 39, इंटरसेप्शन (समोरच्याचा पास हिसकावणं) 23. चांगले आहेत, थोर नाहीत.

आणि नुसत्या सलगपणाचंच कौतुक असेल तर जिम मार्शलचं काय? वायकिंग्ज संघाचा. सलग 282 सामने. 1964 त उलट्या दिशेने 66 यार्ड पळाला, लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. 2025 त माणूस गेला, हॉलने जिवंतपणी दार उघडलं नाही. उलट लाइनबॅकर पॅट्रिक विलिस आठ हंगाम खेळून 2024 त आत गेला, कारण त्या आठांपैकी पाचांत तो पहिल्या संघाचा ऑल-प्रो होता. हॉल शिखर मोजतं, लांबी नाही.

तीन_नद्या

ओहायोकर, मनापासून +1. पण ड्राफ्ट न झालेल्या लाइनबॅकरचा विषय निघाला आणि जेम्स हॅरिसनचं नाव नाही, हे पिट्सबर्गात राहून सहन होत नाही. तोही तुमच्याच ओहायोचा, अ‍ॅक्रन, केंट स्टेट. 2002 त कुणी घेतला नाही. आमच्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने घेतला, काढला, परत घेतला, परत काढला. बाल्टिमोरने काढला. युरोपात जाऊन खेळला. आणि 2008 चा सर्वोत्तम बचावपटू. ड्राफ्ट न होता तो मान मिळवणारा पहिला.

त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये मध्यंतराच्या आधी समोरचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचा पास गोलरेषेवर हिसकावला आणि 100 यार्ड पळाला. आमच्याकडे त्या रात्री अठरा माणसं होती, जिलेबीचं ताट माझ्या हातातून पडलं. पळून झाल्यावर तो एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्टीत) उताणा पडून होता, मुखवटा वर, छाती भात्यासारखी. त्या पळण्यात जे होतं ते मला 256 सामन्यांत शोधूनही सापडणार नाही. शिखर म्हणतात ते हे. या बाबतीत मी आकडेवाल्यांच्या बाजूचा.

शिवाय माणूस म्हणून सच्चा. 2015 त मुलांना भाग घेतल्याबद्दल मिळालेल्या ट्रॉफ्या त्याने परत पाठवल्या. मुलं आठ आणि सहा वर्षांची. जे कमावलं नाही ते घरात नको. आपल्या मराठी मंडळांनी यातून शिकावं. आमच्याकडे गणपतीतल्या चित्रकलेला चाळीस पोरं आणि चाळीस मेडलं. माझ्या मुलीने रात्री दोनपर्यंत जागून चित्र काढलं होतं.

दोन_मुलांची_आई

ती मेडलं वाटणाऱ्या समितीत मी नसले तरी आमच्या मंडळात मीही वाटली आहेत, म्हणून उत्तर देते.

सहा वर्षांच्या पोराने काय कमावायचं असतं? माझा धाकटा बोलताना अडखळतो. मंडळाच्या स्टेजवर त्याने 'शुभं करोति' म्हटलं, तीन ठिकाणी थांबला, पण शेवटपर्यंत म्हटलं. त्याला पितळी रंगाचं मेडल मिळालं. ते त्याने पलंगाच्या दांड्याला अडकवलंय. रात्री दिवा मालवल्यावर हाताने चाचपतो, आहे ना म्हणून. ते परत पाठवायचं? कुठल्या तोंडाने?

हॅरिसनचा खेळ मला कळत नाही. पण ज्याला स्वतःला मोठेपणी तीनदा दारातून बाहेर काढलं, त्याने मुलांना तोच धडा आठव्या वर्षी द्यावा हे मला निर्दयपणाचं वाटतं.

तीन_नद्या

ताई, तुमच्या मुलाने स्टेजवर म्हटलं म्हणजे त्याने कमावलंच. त्याला मी विरोध केलेला नाही. जो मुलगा आलाच नाही आणि ज्याचं मेडल त्याच्या आईने पिशवीत टाकून नेलं, त्याबद्दल बोलतोय. आमच्याकडे हे झालंय, डोळ्यांनी पाहिलंय.

दोन_मुलांची_आई

मग त्या आईला तिथल्या तिथे विचारायचं. इथे सगळ्या मुलांना कशाला झोडता? आणि तुमच्या मुलीला पहिला नंबर हवा होता एवढंच खरं कारण असेल तर तसं लिहा.

तीन_नद्या

माझ्या मुलीला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

दोन_मुलांची_आई

तिला तुम्हीच आणलंत. वर वाचा.

जुना_शिक्षक

भांडू नका. तेहतीस वर्षं नगर जिल्ह्यात शिकवलं, मुलगी डेट्रॉइटला म्हणून इथे असतो. आमच्या शाळेत वर्षभर हजर राहणाऱ्याला बक्षीस असायचं, एक वही आणि पेन. वर्गात हुशार मुलं ते घ्यायला लाजायची. एका वर्षी ते ऊसतोड्याच्या मुलीला मिळालं. तिचे आईबाप दिवाळीनंतर कारखान्यावर जायचे, ती आजीजवळ राहायची, सकाळी भाकऱ्या थापून चार किलोमीटर चालत यायची. गणितात तिला पस्तीसच्या वर कधी मिळाले नाहीत. त्या वहीवर तिने पहिल्या पानावर स्वतःचं नाव तीनदा लिहिलं होतं. आकडेवाले, हजेरी हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात, तो मला लागला.

आकडेवाला

सर, आदर ठेवून सांगतो, शिवीसारखा वापरला नाही. माझे वडील बँकेत एकतीस वर्षं होते. रजा शिल्लक ठेवून निवृत्त झाले. निरोपाला घड्याळ आणि शाल. बढती दोनदा हुकली, दोन्ही वेळा मागून आलेला माणूस वर गेला. लहानपणापासून घरात ऐकलं की बाबा एक दिवस चुकवत नाहीत. चुकवला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही ते दुपारनंतर ऑफिसात गेले होते. म्हणून कुणी न चुकवण्याची पूजा करायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हे फ्लेचरबद्दल नाही, कबूल. पण आहे.

फिजिओताई

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. ट्रॉफ्या राहू द्या बाजूला. 2012 त फ्लेचर 37 वर्षांचा, हॅमस्ट्रिंग दुखावलेली, शिवाय तोल जाण्याचा त्रास, तरी सामना चुकला नाही. याला तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय. माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला चप्पल घालून चालू देणार नाही. पुढच्याच वर्षी लीगने माजी खेळाडूंशी डोक्याच्या दुखापतींच्या खटल्यात तडजोड जाहीर केली. सलग सामन्यांचा विक्रम हा कुणालाच न थांबवण्याचाही विक्रम असतो.

कोपरारक्षक

सांगलीहून. रात्री जागून हा खेळ बघतो, आमच्या कबड्डीतल्या पकडीसारखा वाटतो म्हणून. फिजिओताई, तुमचं डोक्याला पटतं. पण ज्याची जागा पक्की नाही त्याला बाहेर बसायचं स्वातंत्र्य नसतं. मी जिल्ह्याला डावा कोपरा खेळलो. घोट्याची पकड माझी. एका स्पर्धेआधी करंगळीचं हाड मोडलं, सांगितलं नाही, शेजारच्या बोटाला बांधून उतरलो. कारण माझ्या जागी बसलेला पोरगा माझ्यापेक्षा उंच होता आणि निवड समितीवाल्याच्या गावचा होता. ते बोट अजून वाकडंच आहे, चहाचा कप धरताना बाहेर राहतं. चूक केली का? केली. पुन्हा तेच केलं असतं का? हो.

ओहायोकर

फिजिओताईंना माझ्याकडे उत्तर नाही. त्या तोल जाण्याच्या त्रासाचं मी कौतुक म्हणून लिहिणार होतो, आता लिहीत नाही.

आकडेवाल्यांना मात्र आहे. शिखर म्हणता ना? कुठल्या काळात होता ते बघा. बफेलोत होता तेव्हा त्याच कॉन्फरन्समध्ये (लीगच्या दोन गटांपैकी एकात) त्याच जागेवर रे लुईस, वॉशिंग्टनला आला तर तिकडे ब्रायन अर्लाकर. मधल्या लाइनबॅकरच्या प्रो बोलच्या जागा असतात किती? आणि मधल्या लाइनबॅकरचं निम्मं काम आकड्यात येतच नाही. 2008 पासून बचावातल्या एका माणसाच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. कोचचा आवाज ऐकायचा, दहा जणांना ओरडून सांगायचं, समोरचा क्वार्टरबॅक बदल करतोय हे पाहून पुन्हा सगळं बदलायचं, आणि मग कुणाला तरी जाऊन आदळायचं. चेंडू सुटायच्या आधी हातवारे करत ओरडणारा बुटका माणूस आठवतो? तो हा.

शेवटचं, सॅम मिल्स. ड्राफ्ट नाही, उंची 5 फूट 9. क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाने काढल्यावर शाळेत शिकवत होता, मग दुसऱ्या लीगमधून आला. 2022 त हॉलमध्ये घेतला. त्याला पहिल्या संघाचा ऑल-प्रो म्हणून फक्त एकदाच निवडला होता. मिल्सला आत जागा आहे तर फ्लेचरला 2019 पासून बाहेर कशाला ताटकळत ठेवलंय?

आकडेवाला

मिल्सचा मुद्दा मी टाळत होतो. त्याचे प्रो बोल पाच, फ्लेचरचे चार. एवढ्या फरकावर दार उघडायचं किंवा लावायचं, हे मलाही धड पटवून देता येत नाही.

'स्वस्तात पडतात' हे वाक्य मागे घेतो. ते चुकीचं होतं आणि तिसऱ्या संघाचं उत्तर बरोबर आहे. हजेरीबद्दल मागे घेत नाही. मार्शल आधी. त्याला नेला की फ्लेचरच्या नावाला मी विरोध करणार नाही. आधी नाही.

तीन_नद्या

आणि हॅरिसन? स्टीलर्सचे 80.5 सॅक, तेव्हाचा संघाचा विक्रम!

ओहायोकर

त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. आमच्या ब्राउन्सच्या मोहम्मद मासाक्वोईला हॅरिसनने ज्या टकरीत पाडलं आणि 75,000 डॉलर दंड झाला, तेव्हा आम्ही घरी बसून बघत होतो. क्लीव्हलंडच्या माणसाला त्यावर बरंच बोलायचंय.

आकडेवाले, मार्शल आधी, हे मला मान्य.

दोन_मुलांची_आई

तीन_नद्या, मुलीबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. तिचं चित्र कसलं होतं?

तीन_नद्या

पुलांचं. इथे नदीवर पिवळे पूल आहेत, त्यातल्या एकावर तिने गणपतीची मिरवणूक काढली होती. फ्रिजवर लावलंय.