मदत हवी आहे: जात्याच्या घरघरीत ओव्यांचे शब्द बुडतायत

मी मास कॉमला आहे, मुळशीतल्या आज्जींच्या जात्यावरच्या ओव्यांवर डॉक्युमेंटरी केलीय आणि आता त्यातूनच कम्युनिटी रेडिओसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचाय. व्हिडिओत ओवी ऐकू नाही आली तरी खाली सबटायटल असतं, हात दिसतो, पीठ पडताना दिसतं, चालून जातं. रेडिओवर तसलं काहीच नाही, शब्द गेला की ओवीच गेली.

रेकॉर्डिंग एकाच लेपल माइकवर (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) आहे, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, जात्याचा वेगळा ट्रॅक नाही. ऑडॅसिटी या फुकटच्या ऑडिओ एडिटरमध्ये नॉइज रिडक्शन केलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला तर खालची घुमघुम जाते पण दगडाची खरखर नेमकी आवाजाच्याच पट्ट्यात आहे, ती हटत नाही. आणि जातं पूर्ण काढायचंही नाहीये मला, ओवीची लय त्या फिरण्यावरच आहे. सॉफ्टवेअर फुकटचंच हवं, आणि बहुतेक लोक मोबाइलवर एफएम ऐकणार हे धरून चाला.

आज्जी परत गायला तयार आहेत. मग जातं बंद ठेवून नुसता आवाज घ्यायचा आणि जुनी घरघर खाली लावायची का? पण जात्याशिवाय त्यांची लय तीच राहील का, आणि डॉक्युमेंटरी म्हणताना असं जोडणं तुम्हाला चालतं का? की जातं फिरतं ठेवूनच दोन माइक लावू, आणि लावले तर कुठे?