मदत हवी आहे: यामाकोशीच्या आजोबांना जपानीत पत्र

जपानात नीगाता प्रांतातल्या यामाकोशीला कोई (शोभेचे रंगीत कार्प) मासे पैदा करणारे एक आजोबा आता निवृत्त झालेत, फार्मही बंद झालं. 2004 च्या भूकंपात डोंगर खचले, तळी फुटली, अख्खं गाव हलवावं लागलं. तरी परत येऊन त्यांनी तळी पुन्हा बांधली. बर्फ पडायच्या आत मातीच्या तळ्यांतून मासे काढताना कोहाकूवरचा (पांढऱ्या अंगावर लाल नक्षी असलेली कोईची जात) लाल पट्टा ओल्या बोटाने दाखवायचे, कडा कशी रेखीव हवी ते समजवायचे. इतक्या मायेने शिकवणारा माणूस विरळाच.

तेव्हाचे फोटो छापून त्यांना पाठवायचे आहेत. सोबतचं पत्र वडीलधाऱ्यांना शोभेल अशा जपानीत कोणी लिहून देईल का? मराठी मजकूर तयार आहे. नागाओका शहराच्या (यामाकोशी आता त्यातच येतं) बाजूला कोणी राहत असेल तर तेही कळवा, अल्बम हातोहात पोचला तर फारच बरं.