'अजून एक अटेम्प्ट': जिद्द की स्वतःची ओळख नसणं?

पेठेतला_वाचक
पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, उपजिल्हाधिकारी का व्हायचंय? 'घरच्यांचं स्वप्न', 'गावात मान'. महसुली दाव्यांच्या सुनावण्या, भूसंपादन, निवडणुकीची कामं हे आपल्याला जमेल का, आवडेल का, याचा विचारच नाही. परीक्षेला खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे थांबायचं कधी हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. ज्याला स्वतःला काय हवंय तेच उमगलं नाही, तो कशाच्या जोरावर ठरवणार?

बालाघाटची_लेक
साफ असहमत. दोन एकर कोरडवाहू आणि सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, अशा घरातलं पोरगं 'मी कोण' म्हणत बसू शकत नाही. त्याला महिन्याचा पगार हवाय, आणि त्यात काही चूक नाही. माणूस कामाला लागल्यावरच स्वतःला कळतो. माझी बहीण तलाठी झाली तेव्हा फेरफार कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. आज वाटणीवरून भांडणारे भाऊ येतात, ती सातबारा समोर ठेवून एकेक नोंद वाचून दाखवते, आणि आवाज खाली येतात. हे काम आपलं आहे हे तिला तिथेच समजलं.

समुपदेशक_नाशिक
मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळखीबद्दल दोन प्रश्न मांडले: पर्याय शोधून पाहिलेत का, आणि एकाला बांधून घेतलंय का? न शोधता बांधून घेतलेली मुलं माझ्याकडे खूप येतात. ताईंच्या बहिणीला निदान कामाने उत्तर दिलं. तयारी करणाऱ्याला फक्त कटऑफ मिळतो, स्वतःबद्दल काहीच कळत नाही. सहा महिने कुठेतरी नोकरी करून बघा, असं मी त्यांना सांगतो.

पेठेतला_वाचक
ताई, पगाराचीच निकड असेल तर माझ्या रूम पार्टनरने हाती आलेली लिपिकाची जागा का सोडली? 'क्लास वनच हवी' म्हणाला. आता खोलीभाड्यासाठी बापाला फोन करतो.

बालाघाटची_लेक
कारण गावाने त्याला आधीच 'साहेब' करून टाकलं होतं. लिपिक म्हणून परतला असता तर लोकांनी काय ऐकवलं असतं, मला ठाऊक आहे. आधी ते बंद करा.

पेठेतला_वाचक
लोक बोलतात, मान्य. पण रुजू व्हायची तारीख त्याने चुकवली, गावाने नाही. यावरून मी मागे हटणार नाही.